कमी धुराच्या देशाने आधी का बदलायचे?

कोळसा, खनिज तेल आणि नैसर्गिक वायू जाळल्यामुळे दरवर्षी सुमारे 3,700 कोटी टन कार्बन डायऑक्साइड जगाच्या हवेत मिसळतो. यातला चाळीस टक्क्यांहून अधिक वाटा चीन आणि अमेरिका या दोनच देशांचा आहे. बहुसंख्य देशांचा वाटा एक टक्काही भरत नाही. या देशांपुढचा प्रश्न दिसायला साधा, पण सोडवायला अवघड आहे. धूर थोडाच होतो, सगळ्या भट्ट्या उद्या विझवल्या तरी जगाच्या तापमानात फरक जाणवणार नाही. मग कोळसा सोडून वारा, ऊन आणि पाणी यांच्याकडे वळण्यात अशा देशाने पुढाकार का घ्यावा? ज्यांनी जास्त जाळले त्यांनी आधी थांबावे, हे म्हणणे न्यायाचे वाटते. पण सगळेच एकमेकांची वाट पाहत बसले तर सुरुवात कोणी करायची, ही शंकाही तेवढीच रास्त आहे.

या प्रश्नाचे उत्तर निव्वळ तत्त्वचर्चेतून मिळत नाही. पुढाकार घेतलेल्या ठिकाणी काय घडले, खर्च कोणी सोसला आणि लाभ कोणाच्या पदरी पडला, हे तपासावे लागते. पुण्याहून निघून नीरा नदी ओलांडली की शिरवळ लागते आणि सातारा जिल्हा सुरू होतो. तिथून दक्षिणेला सांगलीपर्यंतच्या पट्ट्यात अशा पुढाकाराचा प्रयोग कोयनेच्या पाण्यावर, सह्याद्रीच्या पठारावरच्या वाऱ्यावर आणि अलीकडे घरांच्या छपरांवर पडणाऱ्या उन्हावर होत आला आहे.

थोडे म्हणजे किती?

एखादा देश कमी उत्सर्जन करतो की जास्त, हे मोजण्याच्या तीन पद्धती आहेत आणि तिन्ही वेगवेगळी उत्तरे देतात.

पहिली पद्धत एकूण उत्सर्जनाची. या मोजमापात भारत जगात तिसरा आहे आणि त्याचा वाटा सात ते आठ टक्क्यांच्या घरात जातो. दुसरी पद्धत दरडोई उत्सर्जनाची. एका भारतीयाच्या नावावर वर्षाला सुमारे 2 टन कार्बन डायऑक्साइड येतो. जगाची सरासरी साडेचार टनांच्या वर आहे आणि अमेरिकेतल्या माणसाचा आकडा 14 टनांच्या आसपास आहे. तिसरी पद्धत आजवरच्या एकूण बेरजेची. कार्बन डायऑक्साइड शतकानुशतके हवेत टिकतो, त्यामुळे आजची तापमानवाढ ही गेल्या दोनशे वर्षांची जमा आहे. या जमेत अमेरिकेचा वाटा सुमारे एक चतुर्थांश आहे, तर भारताचा चार टक्क्यांच्या आतबाहेर.

जगाच्या लोकसंख्येचा सहावा हिस्सा भारतात राहतो. त्या मानाने हा वाटा फारच थोडा आहे. म्हणून दरडोई आणि ऐतिहासिक या दोन्ही पट्ट्यांवर भारत कमी उत्सर्जन करणारा देश ठरतो. 1992 मध्ये रिओ येथे झालेल्या हवामानविषयक आंतरराष्ट्रीय करारात जबाबदारी सर्वांची, पण प्रत्येकाचा भार वेगळा, हे तत्त्व मान्य झाले ते याच कारणाने. भार वेगळा म्हणजे भार शून्य नव्हे, एवढे मात्र त्याच तत्त्वात अभिप्रेत आहे.

थेंबांची बेरीज

प्रत्येकी दोन टक्क्यांहून कमी वाटा असणाऱ्या सगळ्या देशांची बेरीज केली, तर ती जगाच्या एकूण उत्सर्जनाच्या एक तृतीयांशाहून अधिक भरते. ‘माझ्या एकट्याने काय होणार’ हे वाक्य या प्रत्येक देशाला लागू पडते आणि प्रत्येकाने ते उच्चारले तर एवढा मोठा हिस्सा कधी कमीच होणार नाही.

तरीही या युक्तिवादाला मर्यादा आहे. बेरजेत आपला भाग उचलणे ही जबाबदारी झाली. त्यातून पुढाकार घेण्याचे कारण मिळत नाही. रांगेत उभे राहणे वेगळे आणि रांगेच्या तोंडाशी उभे राहणे वेगळे. जो आधी जातो त्याला महाग यंत्रे घ्यावी लागतात, चुका कराव्या लागतात, आणि मागून येणाऱ्याला त्या चुकांचा धडा फुकट मिळतो. मग लहानाने पहिले का व्हावे? याचे उत्तर यंत्रे स्वस्त कशी होतात, यात दडलेले आहे.

दोन जिल्ह्यांएवढा देश

2011 च्या जनगणनेनुसार सातारा जिल्ह्याची लोकसंख्या 30 लाख आणि सांगली जिल्ह्याची 28 लाख होती. दोन्ही मिळून जेवढी माणसे होतात, जवळपास तेवढीच डेन्मार्क या देशात राहतात. जगाच्या उत्सर्जनात डेन्मार्कचा वाटा नगण्य आहे. आधुनिक पवनचक्कीचा इतिहास मात्र या देशाला वगळून लिहिता येत नाही.

1973 मध्ये तेलाच्या किमती भडकल्या तेव्हा डेन्मार्कची ऊर्जेची गरज जवळजवळ संपूर्णपणे आयात तेलावर भागत होती. हवामानबदलाचा शब्दही तेव्हा सार्वजनिक चर्चेत नव्हता. चिंता होती ती तेलाच्या बिलाची. जोहान्स यूल या अभियंत्याने 1957 मध्ये गेडसर येथे 200 किलोवॅटची तीन पात्यांची पवनचक्की उभारली होती. त्या अनुभवाच्या आधारे सुतार, लोहार, शाळांचे शिक्षक आणि शेती अवजारांचे कारखानदार कामाला लागले. आज जगभर पसरलेली व्हेस्टास ही कंपनी 1898 मध्ये एका लोहाराच्या दुकानातून सुरू झाली होती आणि 1979 पासून ती पवनचक्क्या विकू लागली. सांगली जिल्ह्यातल्या किर्लोस्करवाडीत 1910 पासून नांगर आणि पंप यांच्या बाबतीत जे घडले, त्याच जातीची ही गोष्ट आहे. लहान गावात, हाताने करत-सुधारत, वस्तू बाजारात उतरवली गेली.

1991 मध्ये विंडेबी येथे 11 यंत्रांचे जगातले पहिले समुद्रातील पवनक्षेत्र उभे राहिले. आज डेन्मार्कच्या विजेचा निम्म्याहून अधिक हिस्सा वाऱ्यातून येतो. पण जगाच्या दृष्टीने डेन्मार्कने वाचवलेल्या टनांना फारसे महत्त्व नाही. त्याने यंत्र तयार करून दाखवले, ते वर्षानुवर्षे चालते हे सिद्ध केले आणि पुढच्या खरेदीदारासाठी त्याची किंमत खाली आणली, हे त्याचे खरे देणे.

1986 मध्ये भारतात पहिली प्रात्यक्षिक पवनक्षेत्रे गुजरात, तमिळनाडू आणि महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर उभी राहिली, ती 55 किलोवॅटच्या डॅनिश यंत्रांवर. साठ लाखांहून कमी वस्तीच्या एका देशाने केलेली धडपड अशा रीतीने अरबी समुद्राच्या काठावर येऊन पोहोचली.

सौर ऊर्जेचा इतिहासही असाच आहे. 2000 साली जर्मनीने कायदा करून सौर विजेला वीस वर्षांचा हमी दर दिला. ऊन कमी आणि दर जास्त अशी स्थिती असूनही तिथल्या ग्राहकांनी वाढीव वीजबिल सोसले. त्या मागणीवर चीनमध्ये मोठे कारखाने उभे राहिले. सौर पॅनेलच्या बाबतीत जगाची एकूण उभारणी दुप्पट झाली की किंमत साधारण वीस टक्क्यांनी उतरते, असा अनेक दशकांचा अनुभव आहे. भारतात 2010 च्या राष्ट्रीय सौर अभियानात सौर विजेची कमाल किंमत युनिटला 17 रुपये 91 पैसे धरली होती. 2017 मध्ये राजस्थानातील भडला येथील लिलावात ती 2 रुपये 44 पैशांवर आली. जगाच्या उत्सर्जनात जेमतेम दोन टक्के वाटा असलेल्या जर्मनीतील घरांनी भरलेल्या बिलांचा या घसरणीत हातभार आहे.

वनकुसवडे आणि चाळकेवाडी

साताऱ्याहून सज्जनगड मागे टाकत ठोसेघरच्या रस्त्याने वर चढले की चाळकेवाडीचे पठार लागते. त्याला लागून वनकुसवड्याचे पठार आहे. समुद्रसपाटीपासून त्याची उंची सुमारे 1,150 मीटर असून खाली कोयनेचा जलाशय पसरलेला दिसतो. जांभ्या दगडाचा सडा, त्यावर वीतभर मातीचा थर, पावसाळ्यात गवत आणि रानफुले, उन्हाळ्यात नुसता तांबूस-काळा कातळ, असे या भूभागाचे रूप आहे. अरबी समुद्रावरून येणारा मोसमी वारा सह्याद्रीच्या कड्याला धडकून वर उचलला जातो आणि पठारावरून वेगाने वाहतो.

वाऱ्यातली शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. वाऱ्याचा वेग सेकंदाला 6 मीटरवरून 7 मीटरवर गेला, तर फरक एकाच मीटरचा दिसतो. पण मिळणारी शक्ती जवळजवळ 1.6 पट होते. पवनचक्की कुठे उभारायची याला म्हणूनच इतके महत्त्व आहे.

महाराष्ट्र ऊर्जा विकास अभिकरण म्हणजे महाऊर्जा ही संस्था 1985 साली स्थापन झाली. तिने वाऱ्याची मोजणी आणि प्रात्यक्षिके केल्यानंतर 1990 च्या दशकाच्या अखेरीस खासगी गुंतवणूकदार पठारावर आले. वनकुसवड्याला पुण्याच्या सुझलॉन कंपनीची 350 किलोवॅटची यंत्रे मोठ्या संख्येने उभी राहिली आणि काही काळ हे क्षेत्र आशियातील सर्वांत मोठ्या पवनक्षेत्रांमध्ये गणले जाई. त्याची क्षमता सुमारे 259 मेगावॅट आहे. पुढे सांगली जिल्ह्यात शिराळा तालुक्यातील गुढे-पाचगणी आणि कवठेमहांकाळ तालुक्यातील ढालगाव या परिसरातही पवनचक्क्या उभ्या राहिल्या.

ही गुंतवणूक वाऱ्याच्या ओढीने कमी आणि करसवलतीच्या ओढीने जास्त आली होती. यंत्राच्या किमतीवर पहिल्याच वर्षी 100 टक्के घसारा लावण्याची मुभा केंद्र सरकारने दिली होती आणि राज्याने विक्रीकरात सूट दिली होती. सवलत यंत्र उभारण्यावर होती, वीज निर्माण करण्यावर नव्हती. त्यामुळे पाती फिरली काय किंवा न फिरली काय, कंपनीचा कर वाचलेला असे. ही चूक लक्षात आल्यावर धोरण बदलत गेले. 2003 मध्ये महाराष्ट्र वीज नियामक आयोगाने पवनविजेला पहिल्या वर्षी युनिटला 3 रुपये 50 पैसे आणि पुढे दरवर्षी 15 पैसे वाढ असा दर ठरवला. 2009 मध्ये केंद्राने निर्माण झालेल्या प्रत्येक युनिटमागे 50 पैसे प्रोत्साहन सुरू केले. 2017 मध्ये देशात पवनऊर्जेचे लिलाव सुरू झाले आणि पहिल्याच लिलावात दर 3 रुपये 46 पैशांवर आला.

साताऱ्याच्या पठारावर 1990 च्या दशकात केलेल्या चुका अशा रीतीने 2017 च्या स्वस्त विजेची फी ठरल्या. आज महाराष्ट्राची पवनऊर्जा क्षमता 5,000 मेगावॅटच्या वर आणि देशाची 50,000 मेगावॅटच्या वर गेली आहे. आधी जाणारा शिकतो आणि त्याचे शिकणे इतरांच्या कामी येते, याचा हा घरचा पुरावा आहे.

पुढाकाराची किंमत कोणी दिली?

फी भरली गेली, पण ती भरणारे आणि फळ खाणारे एकच होते का, हे पाहिल्याशिवाय हिशेब पुरा होत नाही.

पठारावरच्या गावांनी जमिनी दिल्या त्या खडकाळ माळाच्या भावाने. यंत्रांची मालकी दूरच्या उद्योगांकडे राहिली. रस्ते झाले, काहींना राखणदारीचे आणि देखभालीचे काम मिळाले. पण डोक्यावरून जाणाऱ्या विजेत गावाचा हिस्सा नव्हता. याच्या उलट चित्र डेन्मार्कमधील साम्सो या बेटावर दिसते. सुमारे चार हजार वस्तीचे हे बेट 1997 मध्ये अक्षय ऊर्जेसाठी निवडले गेले आणि दहा वर्षांत वापरापेक्षा अधिक वीज निर्माण करू लागले. तिथल्या शेतकऱ्यांनी आणि रहिवाशांनी पवनचक्क्यांच्या मालकीत हिस्से विकत घेतले होते. ज्याच्या शेताशेजारी पाते फिरत होते, त्याच्या खात्यात पैसा येत होता.

मालकी नसली की संशय वाढतो. पवनचक्क्यांमुळे ढग पळून जातात आणि पाऊस पडत नाही, अशी समजूत दुष्काळाच्या वर्षांत या भागात जोर धरून होती. शास्त्रीयदृष्ट्या तिला आधार नाही. त्या काळच्या पवनचक्कीचा मनोरा पन्नास-साठ मीटरचा, तर मोसमी वाऱ्याचा बाष्पभरला प्रवाह काही किलोमीटर जाडीचा असतो. माण आणि खटाव हे तालुके कोरडे आहेत ते सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत असल्यामुळे. महाबळेश्वरला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि माणदेशात पाचशेच्या आसपास. 1972 च्या भीषण दुष्काळात पठारावर एकही पवनचक्की नव्हती. तरीही ही समजूत हसण्यावारी नेण्याजोगी नाही. ज्यांना विचारले गेले नाही आणि ज्यांना वाटा मिळाला नाही, त्यांची ती तक्रार होती.

निसर्गानेही किंमत मोजली. चाळकेवाडीच्या पठारावर गळ्याखाली पंखा असलेला एक सरडा राहतो. विणीच्या काळात नर दगडावर चढून निळा, काळा आणि केशरी रंगाचा हा पंखा उलगडतो. 2016 मध्ये या पठारावरूनच त्याची नवी प्रजाती म्हणून नोंद झाली. शास्त्रीय नावात त्याला ‘सुपर्बा’ म्हणजे देखणा म्हटले आहे. 2018 मध्ये याच पठारावर केलेला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. पवनचक्क्यांच्या परिसरात शिकारी पक्ष्यांचा वावर इतर भागाच्या तुलनेत सुमारे चौपटीने कमी आढळला. शिकारी घटल्यामुळे सरड्यांची संख्या वाढली होती आणि त्यांच्या शरीरातील ताणाच्या संप्रेरकाचे प्रमाण कमी झाले होते. माणूस जवळ आला तरी ते लवकर पळत नव्हते. एक पाते फिरू लागले की घारीपासून सरड्यापर्यंत सगळी साखळी हलते, हे या अभ्यासाने दाखवले. स्वच्छ ऊर्जा हवेला स्वच्छ असते. जमिनीवर तिचा ठसा उमटतोच.

याच परिसरात त्याआधीचा एक धडा आहे. कोयनेचे पाणी बोगद्यातून पश्चिमेला पोफळीकडे सोडून केलेली वीजनिर्मिती 1962 पासून सुरू आहे. चारही टप्पे आणि धरणपायथ्याचे वीजगृह मिळून तिची क्षमता 1,960 मेगावॅट आहे. महाराष्ट्राच्या उद्योगांचा पाया या विजेवर रचला गेला. पण धरणासाठी उठलेल्या गावांतील अनेक कुटुंबे दोन-तीन पिढ्या उलटल्यावरही पुनर्वसनासाठी आंदोलने करत राहिली. राज्याच्या दिव्यासाठी ज्याने घर सोडले त्यालाच अंधारात ठेवणे हा अन्याय आहे. नव्या ऊर्जेच्या वाटेवर तो पुन्हा होता कामा नये.

वारा थांबतो तेव्हा

कमी उत्सर्जनाच्या देशाने पुढे होण्यावर एक तांत्रिक आक्षेपही घेतला जातो. ऊन आणि वारा माणसाच्या सोयीने येत नाहीत. साताऱ्याच्या पठारावर जून ते सप्टेंबर या महिन्यांत पाती जोरात फिरतात आणि हिवाळ्यात मंदावतात. वर्षभराचा हिशेब केला तर पवनचक्की आपल्या पूर्ण क्षमतेच्या साधारण पाचव्या ते चौथ्या हिश्श्याएवढीच वीज देते. सौर पॅनेल पावसाळ्यात कमी आणि रात्री काहीच देत नाही.

या अडचणीवरचा उतारा याच भूगोलात सापडतो. पावसाळ्यात ऊन कमी तेव्हा वारा जास्त. उन्हाळ्यात वारा बेताचा तेव्हा ऊन जास्त. आणि दोन्ही कमी पडतील त्या संध्याकाळच्या तासांत कोयनेची यंत्रे काही मिनिटांत सुरू करता येतात. कोयना हे आजही मुख्यतः गर्दीच्या तासांची गरज भागवणारे केंद्र आहे. मात्र कृष्णा पाणीतंटा लवादाने पश्चिमेकडे वळवायच्या पाण्याला 67.5 टीएमसीची (अब्ज घनफुटांची) मर्यादा घातली आहे, त्यामुळे हा साठा हवा तेवढा वापरता येत नाही. म्हणून दिवसा जादा विजेने पाणी वरच्या तळ्यात चढवायचे आणि रात्री ते खाली सोडून वीज घ्यायची, अशा उदंचन प्रकल्पांचा विचार सह्याद्रीत होत आहे. घाटघर येथे 250 मेगावॅटचा असा प्रकल्प चालू आहे. नव्या जागा निवडताना जंगल आणि वस्ती यांचा विचार आधी झाला पाहिजे, हा कोयनेचा आणि चाळकेवाडीचा दुहेरी धडा आहे.

मान्याचीवाडीचा हिशेब

पाटण तालुक्यातील मान्याचीवाडी हे चारशेच्या घरात वस्ती असलेले गाव. ऑगस्ट 2024 मध्ये ते महाराष्ट्रातील पहिले सौरग्राम ठरले. गावातील 102 वीजजोडण्या, म्हणजे 97 घरे आणि पाच सार्वजनिक ठिकाणे, सौर ऊर्जेवर आली. एकूण क्षमता 112 किलोवॅट.

या गावाने जगाचे उत्सर्जन किती कमी केले, हे मोजता येते. एक किलोवॅटचे पॅनेल या भागात दिवसाला सरासरी चार युनिट वीज देते. म्हणजे गावात वर्षाला सुमारे 1 लाख 63 हजार युनिट तयार होतात. भारतातील ग्रिडची एक युनिट वीज बनताना सरासरी 700 ग्रॅमच्या वर कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. त्या हिशेबाने मान्याचीवाडी वर्षाला सुमारे 115 टन कार्बन डायऑक्साइड टाळते. जगाच्या उत्सर्जनाशी ताडून पाहिले तर हा तीस कोटींतला एक भागही भरत नाही.

केवळ टनांच्या तराजूत तोलले, तर हा पुढाकार व्यर्थ म्हणावा लागेल. पण गावाने तो टनांसाठी घेतलेला नाही. एक किलोवॅटच्या छपराखाली महिन्याला शंभराहून अधिक युनिट वीज मिळते आणि लहान घराचे बिल शून्यावर येते. पाणीपुरवठ्याच्या मोटारीचे आणि रस्त्यावरच्या दिव्यांचे बिल ग्रामपंचायतीच्या डोक्यावरून उतरते. आणि शेजारच्या गावाला ‘हे आपल्याकडे चालेल का’ या प्रश्नाचे उत्तर शासनाच्या पत्रकात शोधावे लागत नाही. मान्याचीवाडीत जाऊन मीटर पाहता येतो. इथे छपरेही गावाची आहेत आणि वीजही. वनकुसवड्यापासून मान्याचीवाडीपर्यंत पाव शतकात पुढाकाराची ही मांडणी बदलली आहे.

रात्रीची मोटार आणि शिरवळचे कारखाने

अक्षय ऊर्जेकडे वळण्याची सर्वांत भक्कम कारणे हवामानाच्या परिषदेत सापडत नाहीत, ती शेतात आणि कारखान्यात सापडतात.

कृष्णाकाठच्या ऊसवाल्या शेतकऱ्याला वर्षानुवर्षे शेतीची वीज आठवड्यातून काही दिवस रात्रीच मिळत आली. बॅटरीच्या उजेडात बांधावरून चालत जाऊन मोटार सुरू करायची, पाणी फिरवायचे, साप आणि बिबट्याची धास्ती घेऊन पहाट करायची, हा त्याचा नित्यक्रम. सौर कृषी वाहिनी किंवा सौर पंप त्याला दिवसा पाणी देतो. त्याच्यासाठी हा कार्बनपेक्षा झोपेचा आणि जिवाचा प्रश्न आहे. ताकारी, म्हैसाळ आणि टेंभू या उपसा सिंचन योजना कृष्णेचे पाणी टप्प्याटप्प्याने दुष्काळी भागात चढवतात. पाणी उचलायला वीज लागते आणि विजेचे बिल थकले की योजना अडते, हा या भागाचा जुना अनुभव आहे. दिवसाच्या उन्हावर पंप चालले तर माण, आटपाडी आणि जतच्या पिकांचे गणित बदलू शकते.

शिरवळ आणि खंडाळा परिसरात पुणे-बेंगळूरु महामार्गालगत मोठी औद्योगिक वसाहत आहे. महाराष्ट्रात उद्योगांचा वीजदर देशातील चढ्या दरांपैकी असल्याने छपरावरची सौर वीज कारखान्याला परवडते. शिवाय युरोपीय संघाने आयात मालावरील कार्बन कराची यंत्रणा आणली आहे. ऑक्टोबर 2023 पासून पोलाद, ॲल्युमिनियम, सिमेंट, खते अशा मालाच्या उत्सर्जनाची नोंद द्यावी लागू लागली आणि 2026 पासून प्रत्यक्ष आकारणीचा टप्पा आला. ज्या मालाच्या निर्मितीत उत्सर्जन जास्त, तो तिथे महाग ठरणार. उशिरा बदलणाऱ्याला इथून पुढे दंड आहे.

दक्षिण अमेरिकेतील उरुग्वे या सुमारे 35 लाख लोकसंख्येच्या देशाने बदलण्यात आपलेच हित आहे, हे ओळखले. अवर्षणात धरणे आटत आणि तेल आयात करावे लागे. 2008 नंतर साधारण दहा वर्षांत त्याने आपल्या विजेचा 90 टक्क्यांहून अधिक हिस्सा अक्षय स्रोतांवर आणला.

पुढाकार कसा घ्यावा

प्रत्येक पुढाकार सफल होतो असे नाही. मालदीवने 2009 मध्ये दहा वर्षांत कार्बनमुक्त होण्याची घोषणा केली आणि जगाचे लक्ष वेधले. 2020 साल उलटले तरी देश डिझेलवरच चालत राहिला. घोषणेमागे भांडवल आणि यंत्रणा नसेल तर लहान देशाचा शब्द हवेत विरतो. गरीब देशाने महाग तंत्रज्ञानाचा भार आपल्या गरिबांच्या बिलावर टाकणेही योग्य नाही. सुरुवातीची महाग वर्षे श्रीमंत देशांनी सोसावीत, हा न्याय आहे.

पण ती महाग वर्षे आता मागे पडली आहेत. नवी सौर वीज आज नव्या कोळशाच्या विजेपेक्षा स्वस्त आहे. भारताने 2021 मध्ये ग्लासगो येथे 2030 पर्यंत 500 गिगावॅट बिगरजीवाश्म क्षमतेचे आणि 2070 पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाचे उद्दिष्ट जाहीर केले. 2025 मध्ये देशाच्या स्थापित वीजक्षमतेतला निम्मा वाटा बिगरजीवाश्म स्रोतांचा झाला. प्रत्यक्ष निर्मितीत मात्र कोळशाचा वाटा अजून सुमारे सत्तर टक्के आहे. काम सुरू झाले आहे, संपलेले नाही.

सातारा-सांगलीचा अनुभव तीन गोष्टी सांगतो. सवलत यंत्रावर न देता निर्माण झालेल्या युनिटवर द्यावी. ज्याच्या गावात यंत्र उभे राहील त्याला मालकीत किंवा उत्पन्नात वाटा द्यावा. आणि जागा निवडण्यापूर्वी तिथल्या माणसांना, पाण्याला आणि प्राण्यांना हिशेबात धरावे. वनकुसवड्याची पहिली यंत्रे आता पंचवीस वर्षांची झाली आहेत. लहान, जुनी यंत्रे काढून त्यांच्या जागी मोजकी, मोठी यंत्रे बसवण्याचे राष्ट्रीय धोरण 2016 मध्ये आले आणि 2023 मध्ये सुधारले गेले. पूर्वी राहिलेल्या गोष्टी या वेळी करार करतानाच लिहून घेण्याची संधी या गावांना आहे, आणि त्यांनी ती सोडू नये.

कमी धूर करणाऱ्या देशाने पुढाकार घ्यावा का, याचे उत्तर होय असेच आहे. हा पुढाकार जगावर उपकार म्हणून घ्यायचा नाही. आपले ऊन, आपला वारा आणि आपली गरज या तिन्हींचा मेळ बसतो, म्हणून तो घ्यायचा. तसा घेतलेला पुढाकार टिकतो आणि दुसऱ्यांसाठी वाटही सोपी करतो. ज्यांनी दोनशे वर्षे जाळले त्यांच्याकडून जुन्या हिशेबाची मागणी करत राहावीच. पण ती पूर्ण होईपर्यंत आपल्या छपरावरचे ऊन वाया घालवण्यात कोणाचेच हित नाही.